भाऊकाकाचा वीरगळ – कामाच्या नोंदी

२० सप्टेंबर २०२५, शनिवार

आज घातचतुर्दशी. पितृपक्षातली ही तिथी शस्त्राने, युद्धात, अपघातात गेलेल्यांसाठी असते हे मला या वर्षापर्यंत माहीतच नव्हतं. आज ५४ वर्षांत पहिल्यांदा आमच्याकडे भाऊकाकाच्या नावाने पान वाढलं. आत्या डोंबिवलीहून सकाळी सातलाच आली, वडे तिनेच केले, बाबा एक शब्द न बोलता बसले होते.

भाऊकाका म्हणजे बाबांचा थोरला भाऊ. घरात सगळे त्याला भाऊच म्हणायचे. नौदलात होता, आयएनएस खुकरीवर, इंजिन रूममध्ये. ९ डिसेंबर १९७१ ला रात्री पावणेनऊच्या सुमारास दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने टॉर्पेडो मारून खुकरी बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, त्यातला एक आमचा. तेवीस वर्षांचा होता.

देह आला नाही. कुणाचाच आला नाही. आणि त्यामुळे आजीने ते कधी मानलंच नाही. ती २००३ मध्ये गेली, तोपर्यंत घरात त्याचं श्राद्ध नाही, फोटोला हार नाही, नावाआधी कै. लिहायचं नाही. म्हणायची, "दर्यान नेल्यान, दर्योच हाडून देतलो." म्हणजे समुद्राने नेलं, समुद्रच आणून देईल. गणपतीत पाच मोदक बाजूला काढून ठेवायची. तिच्या नंतरही कुणाची हिंमत झाली नाही, मग सवयच पडली, आणि हळूहळू त्याचं नाव घेणंच बंद झालं. माझ्या मुलाला भाऊकाका माहीत नाही. हे मला आज ताटाकडे बघताना एकदम लागलं.

जेवणं झाल्यावर आत्या म्हणाली, "पान वाढलं ते बरं झालं, पण दादा, त्याचं काहीतरी डोळ्यांसमोर असायला हवं रे." मी म्हटलं करूया. ९ डिसेंबरपर्यंत. काय करायचं ते अजून माहीत नाही, पण वही उघडली आहे.

२ ऑक्टोबर, दसरा

शस्त्रपूजन म्हणून आज ट्रंक काढली.

लालबागची चाळ ऑगस्टमध्ये रिकामी केली, रिडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा बाबा बोरिवलीला माझ्याकडे आले आणि टेम्पोत त्यांनी दोन वस्तू स्वतः जवळ धरून आणल्या. एक ही पत्र्याची काळी ट्रंक आणि दुसरी पोटमाळ्याची एक सागवानी फळी. फळी कशाला असं मी तेव्हा जरा चिडूनच विचारलं होतं, सामान ठेवायला जागा नव्हती. बाबा म्हणाले भाऊ तिच्यावर झोपायचा. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, मोठी मुलं माळ्यावर.

ट्रंकेवर पांढऱ्या ऑइलपेंटने त्याचं नाव आणि नंबर आहे. कडांना गंज. मी पॉलिश पेपर हातात घेतला होता पण थांबले, कारण अक्षरांच्या अगदी कडेपर्यंत गंज आलाय, घासलं तर नाव जाईल. मग फक्त कोरड्या ब्रशने झाडली, बिजागऱ्यांना खोबरेल तेल सोडलं, बाकी हात लावला नाही.

आत: इनलँड पत्रं ३४, मनीऑर्डरच्या पावत्या सुतळीत ओवलेल्या, एक स्वेटर (कसर लागलेला), लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर ट्रेनिंगला होता तेव्हाचा ग्रुप फोटो, दाढीचा ब्रश. शेवटच्या सुट्टीला घरी आला तेव्हा ही ट्रंक ठेवून लहान बॅग घेऊन गेला, म्हणून ही वाचली. बाकी सगळं त्याच्याबरोबर.

डांबरगोळ्या काढून टाकल्या, कागदांसाठी सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या.

११ ऑक्टोबर

पत्रं स्कॅन करायला घेतली. सहाशे डीपीआय, टिफ फाइल. इनलँडचा निळा कागद इतका पातळ आहे की मागची अक्षरं पुढे दिसतात, त्यावर उपाय सापडला तो म्हणजे मागे काळा कार्डपेपर ठेवायचा, बराच फरक पडतो. आठ पत्रांना घड्यांवर सेलोटेप लावलेली आहे, ती पिवळी कडक झाली आहे, ती ओढायची नाही, जशी आहे तशीच स्कॅन करायची. ग्रुप फोटोची एक प्रत बाबांनी पूर्वी कधीतरी लॅमिनेट करून घेतलेली, ती सगळी फुगली आणि चेहरे गेले. कुणी जुने फोटो सांभाळत असेल तर कृपा करून लॅमिनेट करू नका, बटरपेपरमध्ये ठेवा.

पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक पत्रांवर एकच, आय.एन.एस. खुकरी, केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस, बॉम्बे. म्हणजे जहाज कुठेही असलं तरी पत्ता मुंबईच. आजोबा गिरणीत, आजी तेव्हा आत्याला घेऊन गावी देवगडजवळ, त्यामुळे पत्रं गावी जायची.

१९ ऑक्टोबर

आज आत्यासोबत पत्रं वाचली. दिवाळीची साफसफाई तशीच राहिली, राहू दे.

आजीला वाचता येत नव्हतं. आत्या बारा वर्षांची असल्यापासून भाऊची पत्रं तीच वाचून दाखवायची, ओसरीवर बसून, शेजारच्या दोन बायका पण ऐकायला यायच्या. आणि आज तिने जे सांगितलं ते बाबांनाही माहीत नव्हतं. प्रत्येक पत्राच्या समासात, आडवं, बारीक अक्षरात भाऊ फक्त तिच्यासाठी लिहायचा. वर "बाय, हे आईला वाचू नको" आणि खाली दोन ओळी. मला दर्या लागतो, दोन दिवस पोटात काही ठरलं नाही. इंजिन रूममध्ये इतकं गरम असतं की बाहेर आलं की थंडी वाजते. तू टायपिंगचा क्लास लाव, पैसे मी पाठवतो, बाबांना मी सांगतो.

ती तेवढं सोडून वाचायची. आजी विचारायची, एवढीच ओळ? कडेला काय लिहिलाहा? आत्या सांगायची पत्ता लिहिलाय.

"मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही गं. एवढी वर्षं ती विचारत होती भाऊ काही बोलला का, काही लिहिलं का, आणि माझ्याकडे होतं."

मी तिला काही बोलले नाही, काय बोलणार. सतरा वर्षांच्या मुलीने भावाला दिलेला शब्द ७१ व्या वर्षापर्यंत पाळला.

पत्रातलं सगळं टाइप करायचं ठरलं, समासातलं पण, पण वेगळ्या रंगात. आत्या हो म्हणाली.

२ नोव्हेंबर

काय करायचं हा प्रश्न आज सुटला आणि तो घरापासून वीस मिनिटांच्या अंतरावर सुटला.

एकसरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, बघायला गेलो, मी, आत्या आणि मुलगा. बोरिवली पश्चिमेला एकसर गावात, आजूबाजूला इमारती वाढल्यात आणि मधे हे उभे दगड, माणसापेक्षा उंच, साधारण दहा फूट. अकरा वर्षं मी या बाजूला राहते आणि कधी थांबले नव्हते.

वीरगळ खालून वर वाचतात. खाली लढाई आणि वीराचं मरण, मधे अप्सरा त्याला घेऊन जाताना, सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर बसलेला, त्यावर कलश. गावोगावचे वीरगळ बघितलेत, त्यात घोडे असतात, गाई असतात, तलवारी असतात. एकसरच्या काही दगडांवर जहाजं आहेत. रांगेने जहाजं, एका बाजूला सगळी वल्ही एका तिरक्या रेषेत, आत माणसं. दगड झिजलाय पण वल्ही अजून मोजता येतात, मुलाने मोजली.

अभ्यासकांचं यावर एकमत नाही, पण बरेच जण हे तेराव्या शतकातलं मानतात, उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातली लढाई. सोमेश्वर समुद्रात बुडून मेला, हेमाद्रीने लिहून ठेवलंय, की महादेवाच्या रागापेक्षा त्याने समुद्र पत्करला. राजाचं नाव तरी राहिलं, पण दगडावर कोरलेले बाकीचे लोक कोण, त्यांच्या आयांनी किती वर्षं वाट बघितली, ते काही कळत नाही. तरी कुणीतरी खर्च करून, पाथरवट लावून एवढे मोठे दगड उभे केले. समुद्रात गेलेल्यांसाठी, ज्यांची राख पण नव्हती त्यांच्यासाठी, इथेच, आमच्या भाजीमार्केटच्या वाटेवर.

आत्या दगडाजवळ बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "म्हणजे असं करतात."

येताना रिक्षात ठरलं. पोटमाळ्याची फळी. तीन खण. त्याचा वीरगळ.

९ नोव्हेंबर

फळी घेऊन सुतारमामांकडे. त्यांनी नखाने खरवडून वास घेतला आणि म्हणाले जुना बर्मा साग आहे, आता असा मिळत नाही, विकायचा आहे का. नाही म्हटलं.

मी सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, कोरून घेण्याचा विचार करत होते, स्वस्त पडतं आणि एका दिवसात होतं. मामा म्हणाले यात जुने खिळे तुटून राहिलेत, मशीनचं पातं जाईल, पटाशीने करू. बरं झालं. माप अडीच फूट बाय दहा इंच, खालचा खण थोडा मोठा. रंधा मारायचा पण मागच्या बाजूला नाही, मागे भाऊच्या वेळचा तेलाचा डाग आहे डोकं टेकायचं तिथे, बाबांना तो हवाय. खिळ्यांची भोकं बुजवायची नाहीत.

खण ठरले ते असे. खाली जहाज. वर कुणकेश्वर, कारण शिवलिंगच हवं आणि आमच्या गावाकडे समुद्राला लागून असलेलं शिवाचं देऊळ म्हणजे कुणकेश्वर, भाऊ प्रत्येक सुट्टीत जायचा. मधलं ठरत नाहीये. अप्सरा नकोत असं आत्याचं ठाम मत.

१६ नोव्हेंबर

नावाआधी काय लिहायचं यावर आज दोन तास गेले. बाबांना शहीद हवं. मी म्हटलं सरकारी कागदात सैन्यदलं शहीद शब्द वापरत नाहीत, केंद्राने संसदेत तसं सांगितलंय. मग हुतात्मा? पण मुंबईत हुतात्मा म्हटलं की संयुक्त महाराष्ट्राचे १०६ डोळ्यांसमोर येतात, लालबाग-परळच्या माणसाला तर जास्तच, आजोबा त्या मोर्चांना जाऊन आलेले. धारातीर्थी पडले असं जुन्या लोकांचं एक सुंदर बोलणं आहे पण ते तलवारीच्या धारेचं, याला तर पाणबुडी दिसली पण नसेल. खाली इंजिन रूममध्ये.

आत्या म्हणाली, "आईने कै. लावू दिलं नाही, आता दुसरं काही लावू नका. नाव लिहा, जहाज लिहा, तारीख लिहा."

तसंच ठरलं. पूर्ण नाव मी या वहीत पण लिहीत नाहीये, ते फळीवर असेल.

२३ नोव्हेंबर

चूक झाली आणि ती माझीच आहे.

मामांना जहाजाचं चित्र मी दिलं होतं. नेटवर खुकरी शोधलं, पहिला चांगला स्पष्ट फोटो आला तो प्रिंट केला. मामांनी कार्बन ठेवून गिरवलं आणि अर्धं कोरून पण झालं. आज बाबांना दाखवायला नेलं तर त्यांनी एका क्षणात सांगितलं, "हे आपलं जहाज नाही."

खुकरी दोन होत्या. भाऊची खुकरी ब्रिटनमध्ये बांधलेली, १९५८ मध्ये नौदलात आलेली, पाणबुड्या शोधणारी फ्रिगेट, तीनशे फुटांच्या आसपास लांब, एकच धुराडं. ती गेल्यावर नौदलाने तिचं नाव दुसऱ्या जहाजाला दिलं, ती कॉर्व्हेट, म्हणजे लहान युद्धनौका, इथे माझगाव डॉकमध्ये बांधली, १९८९ मध्ये दाखल झाली आणि २३ डिसेंबर २०२१ ला विशाखापट्टणमला निवृत्त झाली, नंतर दीवला संग्रहालयासाठी दिली. मी त्या दुसरीचा फोटो दिला होता. तिच्यावर क्षेपणास्त्रांचे डबे आहेत, भाऊच्या जहाजावर ते कुठून असणार.

बाबांनी भाऊसोबत डॉकच्या बाहेरून तिला एकदा बघितलेलं, वीस वर्षांचे असताना. धुराडं त्यांनी स्वतः पेन्सिलीने काढून दिलं.

मामा म्हणाले दोन सूत खोल घेतो, आधीचं निघून जाईल. म्हणजे खालचा खण बाकीच्या दोन खणांपेक्षा खोल झाला. मला आधी वाईट वाटलं पण आता बघितल्यावर वाटतंय की जहाज खाली पाण्यात असल्यासारखं दिसतं, तसंच राहू दे.

३० नोव्हेंबर

बाबा आज आपणहून बोलले, मी फोनवर रेकॉर्ड केलं, ४७ मिनिटं. थोडंसं इथे.

तेव्हा मुंबईत ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद, गाड्यांच्या हेडलाइटला अर्धा काळा रंग, चाळीत कुणाची चिमणी दिसली तरी खालून ओरडा. ४ डिसेंबरच्या रात्री नौदलाच्या मिसाइल बोटींनी कराचीवर हल्ला केला त्याची बातमी आली तेव्हा गिरणीच्या गेटवर पेढे वाटले, आजोबांनी पण वाटले, माझा मुलगा नेव्हीत आहे म्हणून. ८ तारखेला खुकरी आणि किरपाण मुंबईतून पाणबुडीच्या शोधात निघाल्या. घरी कुणाला माहीत नव्हतं की ती बाहेर पडली आहे. बातमी कळल्यावर आजोबा आणि बाबा नौदलाच्या गोदीच्या लायन गेटला जाऊन उभे राहिले, तिथे अशीच अजून घरं उभी होती. ६७ जण वाचले होते, रात्रभर पाण्यात काढून दुसऱ्या दिवशी आयएनएस कछालने उचललेले. म्हणून प्रत्येकाला वाटत होतं आपला त्या ६७ मध्ये असेल. बाबा म्हणाले, "सदुसष्ट हा आकडा फार वाईट. एकही वाचला नसता तर आईने वाट बघितली नसती."

कॅप्टन मुल्लांबद्दल पण बोलले. महेंद्रनाथ मुल्ला, मरणोत्तर महावीरचक्र. जहाज झुकत असताना आपलं लाइफजॅकेट दुसऱ्याला दिलं, माणसांना बाहेर ढकलत राहिले आणि स्वतः जहाजासोबत गेले. आजोबा म्हणायचे की कॅप्टन थांबला म्हणजे पोरं एकटी नव्हती. तेवढं एक वाक्य आजोबा बोलायचे, बाकी काही नाही.

खाली इंजिन रूममध्ये असणाऱ्याला वर यायला वेळ मिळाला असेल का हे बाबांनी इतक्या वर्षांत कुणाला विचारलं नाही. आज मला विचारलं. जहाज काही मिनिटांत बुडालं. मी तेवढंच सांगितलं.

४ डिसेंबर, नौदल दिन

मधला खण ठरला, आत्याने ठरवला. ३४ पत्रांपैकी ३४ पत्रांच्या शेवटी एकच ओळ आहे, काळजी नसावी. त्या काळी सगळेच लिहायचे. पण त्याच्या अक्षरात 'काळजी'चा 'ळ' उलटा झुकतो, लेखणी घाईत उचलल्यासारखा. शेवटच्या पत्रातली ती ओळ स्कॅनमधून मोठी करून मामांना दिली, जशीच्या तशी कोरा म्हटलं, अक्षर सुधारू नका. मामांना हे सांगावं लागलं कारण त्यांनी पहिल्यांदा 'ळ' सरळ केला होता.

समासातलं "बाय" कोरूया का असं मी विचारलं. आत्या म्हणाली, "नको, ते माझं आहे."

दिल्लीहून चुलतभावाने राष्ट्रीय युद्ध स्मारकातला फोटो पाठवला. २५ फेब्रुवारी २०१९ ला ते खुलं झालं, तिथल्या त्याग चक्राच्या भिंतींवर प्रत्येकाचं नाव आहे, त्याला भाऊकाकाचं शोधायला पाऊण तास लागला. बाबांनी फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला, परत मोठा केला.

७ डिसेंबर

लाखदाणा पॉलिशचे तीन हात झाले. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश नको म्हटलं, फार चमकतं. मजुरी मामांनी निम्मीच घेतली, मी जास्त आग्रह केला तर म्हणाले माझा पुतण्या बीएसएफमध्ये आहे, ठेवा.

टाइप केलेली पत्रं ११२ पानं झाली. चार प्रती स्पायरल बाइंडिंग.

९ डिसेंबर २०२५, मंगळवार

सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने गेलो, मी, बाबा, आत्या, मुलगा. दीव बाबांच्या गुडघ्यांना झेपणार नव्हतं, तिथे टेकडीवर स्मारक आहे, समुद्राकडे तोंड करून जहाजाची प्रतिकृती काचेत ठेवलेली आहे, तिथे पुढे कधीतरी जाऊ. पण समुद्र एकच आहे असं आत्या म्हणाली. लाँच बंदरातून बाहेर पडताना लांबवर नौदलाची करडी जहाजं उभी दिसतात. नारळ सोडला. बाबांनी त्याला हाक मारली, मोठ्याने नाही, नेहमी घरात मारतात तशी. आजूबाजूला फिरायला जाणारी मंडळी होती, त्यांच्यातल्या एका आजोबांनी काही न विचारता टोपी काढली.

संध्याकाळी हॉलमध्ये देव्हाऱ्याच्या बाजूला फळी लावली. पावणेनऊला दिवा लावला. मुलाने एक पत्र वाचलं, लोणावळ्याचं, ज्यात मेसमधल्या डाळीबद्दल तक्रार आहे आणि धाकट्या भावाला गणितात किती मार्क पडले ते कळवा असं आहे. बाबा म्हणाले, "अडतीस." पन्नासपैकी की शंभरपैकी असं मुलाने विचारलं. शंभरपैकी. आत्या हसली, मग रडली, मग पुढचं पत्र तिने स्वतः हातात घेतलं आणि वाचलं, समासासकट.

१० डिसेंबर

आत्या रात्री इथेच राहिली. सकाळी आंघोळ करून शेवंतीचं फूल ठेवायला गेली तर हात पोचेना, कुणकेश्वराच्या खणापर्यंत टाचा उंचावून पण नाही. आम्ही उंची बाबांच्या हिशोबाने धरली होती. ड्रिल शेजाऱ्यांकडून आणलं, हुक एक फूट खाली घेतले, वरची भोकं व्हाइट सिमेंटने बुजवली. आता तिचा हात पोचतो, आणि मुलाचा पण.